विदर्भाच्या दहा खासदारांना खुले पत्र : बांगलादेशाशी तुटक वागू नका

मा. खासदार महोदय आणि महोदया,

बुलढाण्यापासून गडचिरोली-चिमूरपर्यंत लोकसभेत विदर्भाचे तुम्ही दहा जण आहात. पक्ष वेगवेगळे आहेत, म्हणून एकालाच न लिहिता दहाही जणांना लिहितो आहे. विषय बांगलादेश. वरुड-मोर्शीकडच्या शेतकऱ्याचं पत्र आलं म्हणजे रात्रीची वीज, पीक विमा किंवा फळगळ यांतलंच काही असणार, असं तुम्ही धरून चालत असाल. त्याबद्दलही लिहायचं आहे, पण वेगळं.

आमच्या तालुक्यात बांगलादेशाचं नाव मुंबईपेक्षा जास्त वेळा निघतं. आंबिया बहारातली संत्री रंगायला लागली की व्यापारी बाग पाहायला येतात आणि भावाचं बोलायच्या आधी सांगतात, "बांगलादेश चालू हाय" नाहीतर "बांगलादेश बंद हाय". पुढचा सौदा त्या एका वाक्यावर ठरतो. नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक तोच देश. आखातात माल जातो, दुबईला मोसंबी-संत्र्याचे नमुने पाठवल्याचे फोटो छापून येतात, पण ट्रकच्या ट्रक उचलणारा बाजार पूर्वेलाच आहे. रायपूर, कोलकाता करत माल सीमेवरच्या पेट्रापोलला पोचतो आणि नाका ओलांडून बेनापोलला उतरतो. तिथे काय चाललंय याची चौकशी आम्ही केली नाही तर कोण करणार?

माझा स्वार्थ मी लपवत नाही. माझी बाग आहे. शेजारच्या देशात पुन्हा निवडून आलेलं सरकार आलं आहे, ते टिकावं आणि त्याच्याशी भारताने नीट व्यवहार करावा, असं मला वाटतं त्यात माझा पैसा आहे. पण फक्त पैसाच असता तर हे पत्र मी निर्यातदारांच्या संघटनेला लिहिलं असतं.

तिथे काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात मांडतो. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी सरकारी नोकऱ्यांत असलेल्या तीस टक्के कोट्याविरुद्ध जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. सरकारने गोळ्या चालवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालाचा अंदाज असा, की त्या दीड महिन्यात चौदाशेपर्यंत माणसं मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, तीन दिवसांनी मुहम्मद युनूस यांचं अंतरिम सरकार बसलं. ते दीड वर्ष चाललं, धडपडत चाललं. मग १२ फेब्रुवारी २०२६ ला मतदान झालं, त्याच दिवशी घटनेतल्या सुधारणांच्या जुलै सनदेवर सार्वमतही झालं. बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीला (बीएनपी) मोठं बहुमत मिळालं, तारिक रहमान पंतप्रधान झाले आणि जमात-ए-इस्लामी मुख्य विरोधी पक्ष झाली. हसीना यांच्या अवामी लीगला या निवडणुकीत उतरताच आलं नाही. एवढा मोठा पक्ष बाहेर ठेवून झालेली निवडणूक पूर्ण म्हणवत नाही, हेही खरं. तरी लोकांनी रांगा लावून मत दिलं आणि सत्ता कागदावर ठरल्याप्रमाणे हलली. त्या देशात ही गोष्ट बऱ्याच काळाने घडली.

बऱ्याच काळाने असं म्हणतो, कारण एकेकाळी तिथे ती नियमाने घडत होती. डिसेंबर १९९० मध्ये लष्करशहा जनरल इर्शाद यांना लोकांनी खाली खेचलं. त्यानंतर १९९१, जून १९९६, २००१ आणि २००८ अशा चारही वेळा सत्तेवरचा पक्ष बदलला. निवडणुकीपुरतं तटस्थ काळजीवाहू सरकार बसवण्याची तरतूद १९९६ मध्ये घटनेत आली होती. ती २०११ मध्ये काढून टाकली गेली आणि गाडी रुळावरून घसरली. २०१४ च्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध गेल्या. २०१८ मध्ये आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२४ मध्ये मुख्य विरोधी पक्षाने पुन्हा बहिष्कार टाकला. या तिन्ही वेळा दिल्लीने अभिनंदनाला उशीर केला नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपण त्या देशाशी नातं जोडलं ते घरातल्या एकाच माणसाशी सोयरीक करावी तसं. तो माणूस घरातून गेला आणि बाकीचं घर आपल्याकडे परक्यासारखं पाहू लागलं. हसीना यांच्या काळात भारताचं भलं झालंच नाही असं मी म्हणणार नाही. ईशान्येतल्या बंडखोरांना तिथे थारा मिळेनासा झाला. २०१५ चा जमीन सीमा करार झाला. आपल्या संसदेने त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती केली, तीही एकमताने. एकशे बासष्ट छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली, पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याच देशाचे नसलेले हजारो लोक एका रात्रीत नागरिक झाले. अशी एकमताची दुसरी वेळ आठवायला तुम्हालाही वेळ लागेल.

पण आमच्या संत्र्याचं काय झालं ते पाहा. २०१९ मध्ये बांगलादेशातला आयात कर किलोमागे वीस रुपयांच्या घरात होता. मग तीस झाला, एक्कावन्न झाला, त्रेसष्ट झाला आणि २०२३ च्या हंगामात अठ्ठ्याऐंशी. बागेतला भाव वीस-पंचवीस आणि त्याच्यावर कर अठ्ठ्याऐंशी, असा तो हिशोब. हे सगळं घडलं ते दिल्लीशी सगळ्यात जवळचं सरकार ढाक्यात बसलेलं असताना. त्या पाच वर्षांत किती भेटी झाल्या, किती संयुक्त निवेदनं निघाली! त्यांत आमच्या फळासाठी एक ओळ कोणी मागितली असेल तर ती कराच्या आकड्यात कुठे उतरली नाही. ज्या मैत्रीच्या जाण्याचं इतकं दुःख केलं जातं, ती मैत्री वरुडच्या बागेपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

राज्य सरकारने त्यावर २०२३ च्या डिसेंबरात उपाय काढला, निर्यातदाराला निम्म्या कराची भरपाई देण्याचा. म्हणजे ढाक्याच्या तिजोरीत भरायचा कर महाराष्ट्राच्या तिजोरीतून. हंगाम अर्धा उलटल्यावर जाहीर झालेली ती योजना बागायतदाराच्या हातात काय ठेवून गेली, ते आमच्या गावातल्या कोणालाही विचारा. हा प्रश्न अनुदानाचा नव्हता, बोलणीचा होता, आणि बोलणी करण्याचा अधिकार मुंबईला नाही, दिल्लीला आहे. म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

कर वाढला कशामुळे, यावर आमच्या पारावर एकच उत्तर मिळतं. कांदा. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या शेख हसीना भर कार्यक्रमात हसत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. थोडं आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यांनी सुचवलं. सभागृह हसलं. मग २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. मधे गहू झाला, तांदूळ झाला. नाशिकच्या कांद्याचा राग वरुडच्या संत्र्यावर निघाला, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. बाकीचं अर्धं कारण डॉलर आहे. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल महागलं, ढाक्याची परकीय गंगाजळी आटू लागली आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी फळं सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत नेऊन बसवली, चैनीचा माल म्हणून. ज्या देशाकडे डॉलर नाहीत, तो देश आपलं फळ घेणार नाही, सरकार कोणाचंही असो.

आता त्यांना डॉलर मिळतात कशातून? तयार कपड्यांतून. त्यांच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे, चाळीस लाखांच्या आसपास लोक त्या कारखान्यांत शिवतात आणि त्यांत बायका जास्त. आपण बांगलादेशाला वर्षाला अकरा अब्ज डॉलरच्या आसपास माल विकतो आणि त्यांच्याकडून जेमतेम दोन अब्जांचा घेतो. तोलून पाहिलं तर राग कोणी धरावा? तरी मे २०२५ मध्ये आपण त्यांच्या तयार कपड्यांना सगळे जमिनीवरचे नाके बंद केले. माल आणायचा तर फक्त न्हावा-शेवा किंवा कोलकाता बंदरातून. त्याआधी एप्रिलमध्ये आपल्या विमानतळांवरून आणि बंदरांवरून त्यांचा माल तिसऱ्या देशात पाठवण्याची सोय काढून घेतली होती. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या सुतासाठी बेनापोल आणि इतर नाके बंद केले. जूनमध्ये आपण तागाच्या मालावर बंधनं घातली. पेट्रापोलला 'मैत्री द्वार' नावाचं नवं मालवाहू फाटक ऑक्टोबर २०२४ मध्येच मोठ्या थाटात उघडलं होतं. नाव ठेवणाऱ्याचं कौतुक वाटतं.

सुताची बंदी संत्र्याइतकी दिसत नाही, पण ती हिंगणघाट, वणी, यवतमाळपर्यंत पोचते. बांगलादेश जगातल्या सगळ्यात मोठ्या कापूस आयातदारांपैकी एक आहे. स्वतःच्या गरजेच्या मानाने तो कापूस पिकवतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला गाठी हव्यात, सूत हवं, आणि जवळात जवळचा विक्रेता आपण. आपण दार लावलं की त्या गाठी ब्राझीलहून येतात, पश्चिम आफ्रिकेतून येतात, अमेरिकेतून येतात. एकदा गिरणीने यंत्राची मांडणी आणि उधारीची सोय दुसऱ्याच्या कापसावर बसवली, की गिऱ्हाईक परत आणायला वर्षं जातात. आणि आपल्याकडे काय चाललं होतं? ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे बाहेरचा कापूस आत घ्यायचा आणि आपल्या सुताचा शेजारचा बाजार भांडणात घालवायचा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झालेला असताना खेड्यातल्या खरेदीत किती मिळाले, हे यवतमाळ-वाशिमच्या खासदारांना मी सांगायची गरज नाही.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योगाचं पीएम मित्र पार्क होतं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्यातून त्याचं भूमिपूजन झालं. माझ्या पत्रावर पहिला आक्षेप तिथूनच येईल, की बांगलादेशी कपडा आत आला तर आमच्या पोरांच्या हाताला काम कसं मिळेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे साजूक उत्तर नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरचे कापड कारखानदार मे महिन्याच्या निर्णयाने खूश झाले होते, तसे उद्या आमचेही होतील. पण सगळे नाके बंद करणं आणि कशाला किती मुभा द्यायची याचा करार करणं, यांत फरक आहे. करारात आपला सूत-कापूस तिकडे, त्यांचा शिवलेला काही माल इकडे, अशी देवघेव लिहून घेता येते. फाटक बंद केलं की काहीच लिहून घेता येत नाही.

आता लोकशाहीचा आणि या सगळ्याचा संबंध. ढाक्यातलं निवडून आलेलं सरकार टिकेल की नाही, हे भाषणांवर ठरणार नाही. मिरपूरच्या शिलाई कारखान्यात पगार वेळेवर होतो का, रमजानमध्ये कांदा-डाळ काय भावाने मिळते, वीज जाते की राहते, यावर ठरेल. हे जमलं नाही तर लोक पुन्हा रस्त्यावर येतील, आणि रस्त्यानंतर लष्कर कसं येतं हे त्या देशाने १९७५ मध्ये पाहिलं, १९८२ मध्ये पाहिलं आणि २००७ मध्येही पाहिलं. तिथल्या राजकारणात भारताला शिव्या देणं हे सगळ्यात स्वस्त भांडवल आहे. प्रत्येक बंद नाका त्या भांडवलात भर टाकतो. जमातला विरोधी बाकांवरून बोलायला काय हवं असेल? नेमकं हेच.

आपण शेजाऱ्याला लोकशाही शिकवायला जावं, असं मी अजिबात म्हणत नाही. तो अधिकार कमवावा लागतो. आमच्या अमरावती जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसला आहे. गावच्या शाळेचं छत गळतं, त्याची तक्रार कोणत्या सदस्याकडे करायची ते माहीत नसलेली मुलं मतदार यादीत आली. तेव्हा शिकवण्याचं राहू द्या. ठरलेला व्यापार, ठरलेलं पाणी, रुग्णाला व्हिसा आणि प्रत्येक पक्षाशी चालू बोलणं, एवढं आपण देऊ शकतो. एवढं दिलं तर निवडून आलेल्या सरकारला लोकांपुढे दाखवायला काहीतरी असतं.

हे आपल्याला जमतं, याचा पुरावाही आहे. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोर झाली तेव्हा भारताने चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत केली. पेट्रोल दिलं, औषधं दिली, पुढच्या निवडणुकीत कोण येणार हे विचारत बसलो नाही. २०२४ मध्ये तिथे ज्यांच्या पक्षाची भारतविरोधासाठी ख्याती होती ते अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीला आले. नेपाळचं उलटं उदाहरण तुम्हीच पाहिलं आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथले सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत. राजेशाहीकडून प्रजासत्ताकाकडे जाताना भारत त्यांच्या बाजूने उभा राहिला. आणि दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, राज्यघटना मंजूर झाली त्याच हंगामात सीमेवर कोंडी झाली. भूकंपातून उठणाऱ्या लोकांना गॅसचं सिलिंडर मिळेना. कोंडी आम्ही केली नाही असं दिल्ली आजही म्हणते. काठमांडूत कोणाचाही त्यावर विश्वास नाही. दहा वर्षांत कमावलेलं पाच महिन्यांत गेलं.

आता दुसरा आक्षेप, जो जास्त दुखरा आहे. तिथल्या हिंदूंचं काय? डिसेंबर २०२५ मध्ये मैमनसिंह जिल्ह्यात भालुका इथे कापड कारखान्यातल्या एका हिंदू कामगाराला जमावाने ठार मारलं आणि त्याचं प्रेत जाळलं. ते चित्रण आमच्या गावातल्या प्रत्येक फोनवर आलं. त्यानंतर आमच्याकडे एकच बोलणं होतं, "धडा शिकवा त्यायले, संत्रा गेला खड्ड्यात." बागायतदाराने असं म्हणावं, यावरून राग किती खोल गेला होता ते समजा. मी तो राग खोटा मानत नाही.

पण विदर्भात या प्रश्नावर सगळ्यात आधी बोलायचा हक्क कोणाचा असेल तर तो चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावांचा आहे. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या त्या कुटुंबांना साठच्या दशकात आपल्या जंगलपट्ट्यात वसवलं गेलं. चंद्रपुरातला बंगाली कॅम्प चौक त्यांचंच नाव सांगतो. त्यांतल्या कितीतरी घरांचे नातेवाईक अजून खुलना, बारिसाल, फरीदपूरकडे आहेत. तिकडच्या नातेवाइकांना इथल्या टीव्हीवरच्या आरडाओरड्याने संरक्षण मिळत नाही. इथे कोणी आवाज चढवला की तिथे त्यांना 'भारताचे लोक' म्हणून आणखी एकटं पाडलं जातं. त्यांना हवा आहे तो ठाण्यात गुन्हा नोंदवून घेणारा फौजदार, खटला चालवणारं न्यायालय आणि मतांसाठी त्यांच्या दारात येणारा उमेदवार. ते सगळं निवडून आलेल्या, उत्तरदायी सरकारकडूनच मिळू शकतं. आणि अशा सरकारला भारताने बंद खोलीत कडक शब्दांत विचारायचं असेल, तर आधी ती खोली उघडी असावी लागते. गडचिरोली-चिमूरच्या खासदारांनी हे संसदेत मांडावं. त्यांच्याइतका हक्काचा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही.

जाता जाता एक. आमच्या जिल्ह्यात 'बांगलादेशी' हा शब्द आता शेजाऱ्याला घाबरवायला वापरतात. जन्मदाखल्यांची चौकशी व्हायची ती व्हावी, खोटा दाखला निघाला तर कारवाई व्हावी. पण निवडणुकीच्या सभेत त्या देशाचं नाव शिवीसारखं घ्यायचं आणि हंगामात त्याच देशाला फळ घ्या म्हणायचं, हे तिकडच्या लोकांना कळत नाही असं समजू नका. तुमची भाषणं ढाक्यातही पाहिली जातात.

शेख हसीना यांचं काय करायचं, हा तुमच्यापुढचा अवघड प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. दोन्ही देशांत २०१३ पासून प्रत्यर्पणाचा करार आहे आणि ढाका त्यांना मागतो आहे. आश्रयाला आलेल्याला फाशीसाठी सोपवू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मात्र आश्रय वेगळा, ध्वनिक्षेपक वेगळा. भारताच्या भूमीवरून त्यांनी तिथल्या राजकारणावर निवेदनं काढत राहणं थांबवता येतं. ते थांबवलं तर निम्मी कटुता उतरेल.

सुरुवात वाईट झालेली नाही, हेही लिहायला हवं. माजी पंतप्रधान आणि तारिक रहमान यांच्या आई खालिदा झिया यांच्या अंत्यविधीला परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः ढाक्याला गेले. तारिक रहमान यांच्या शपथविधीला तुमच्याच सभागृहाचे अध्यक्ष ओम बिर्ला होते. त्याआधी, संबंध सगळ्यात वाईट असतानाही, जून २०२५ पासून नेपाळची चाळीस मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली. चाळीस मेगावॅट म्हणजे फार नव्हे, पण तीन देश एका तारेवर आले. सिलिगुडीहून पार्बतीपूरला डिझेल नेणारी नळी २०२३ पासून आहेच. अशा गोष्टींचा गाजावाजा होत नाही आणि कोणाचं सरकार आलं म्हणून त्या उखडूनही टाकल्या जात नाहीत.

यंदाच्या वर्षात दोन तारखा आहेत, त्या चुकवू नका. पहिली गंगेच्या पाण्याची. १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि हसीना यांनी सही केलेला तीस वर्षांचा करार या डिसेंबरात संपतो. पश्चिम बंगालमधल्या फराक्का धरणापाशी जानेवारी ते मे या कोरड्या दिवसांत कोणी किती पाणी घ्यायचं, ते त्यात ठरलेलं आहे. पाण्याचं दुखणं विदर्भाला सांगावं लागत नाही. मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं आणि पेंचच्या तोतलाडोहात येणारं पाणी घटलं, तेव्हा नागपूरने काय काय पाहिलं ते रामटेकच्या खासदारांना विचारा. एका देशातल्या दोन राज्यांत ही गत, तर सीमेपलीकडच्या राजशाही जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं काय होत असेल! तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा २०११ पासून पडून आहे, तेवढं एक पुरे. गंगेचा करार मुदतीआधी नवा केला तर ढाक्यातल्या सरकारला पहिल्याच वर्षात लोकांपुढे ठेवायला काहीतरी भरीव मिळेल. मुदत नुसती टळू दिली तर ते विरोधकांना मिळेल.

दुसरी तारीख २४ नोव्हेंबरची. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या ठरावानुसार त्या दिवशी बांगलादेशाने अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचं ठरलं आहे. तिथले उद्योग ती तारीख पुढे ढकला म्हणून मागे लागले आहेत. ढकलली गेली तरी प्रश्न तोच. अल्पविकसित देश म्हणून भारताने २०११ पासून त्यांच्या दारू-तंबाखू सोडून जवळपास सगळ्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिला आहे. त्या यादीतून ते बाहेर पडले की ही सवलत आपोआप टिकत नाही, आणि म्हणून त्यांना आपल्याशी नवा व्यापार करार लागणार. त्याची तयारी २०२२ मध्येच सुरू झाली होती, पुढे ती थंडावली. आपल्या हातात पत्ते असण्याची हीच वेळ आहे. त्या टेबलावर संत्रा असला पाहिजे. शुल्कमुक्त प्रवेश हवा ना, मग नागपुरी संत्र्यावरचा कर उतरवा आणि सुताचे नाके उघडा, असं म्हणता येईल. आणि आपल्याकडून एक हमी द्यावी लागेल, की कांदा, तांदूळ, साखर यांची निर्यात थांबवायची वेळ आली तरी बांगलादेशासाठी ठरलेला कोटा सुटत राहील आणि आधी कळवलं जाईल. नाशिकवाल्यांनाही हे परवडेल. त्यांचंही नुकसान अचानक बंदीनेच होतं.

या बोलण्यांत फक्त सत्ताधारी पक्षाला धरू नका. बीएनपी आज आहे, उद्या नसेल. जुलैच्या आंदोलनातून निघालेल्या पोरांच्या पक्षाला थोड्याच जागा मिळाल्या, पण दहा वर्षांनी तीच माणसं मंत्री असतील. त्यांना आत्ता दिल्लीला बोलवा, नागपूरला बोलवा, वाटल्यास आमच्या बागा दाखवा. अवामी लीगचे जे कार्यकर्ते रक्तपातात नव्हते त्यांना पुढच्या निवडणुकीत उभं राहता यावं, हेही मित्र म्हणून सांगा. संसदीय मैत्री गट असतात ते याचसाठी ना? आणि उपचारांचे व्हिसा मोकळे करा. ऑगस्ट २०२४ नंतर ते आटले, कोलकात्याची रुग्णालयं ओस पडली आणि ढाक्याचे रुग्ण चीनमधल्या कुनमिंगला जाऊ लागले. ज्याच्या आईचं ऑपरेशन ज्या देशात होतं, त्या देशाबद्दल त्या घरात काय बोललं जातं हे सांगायला परराष्ट्र धोरणाचा अभ्यास लागत नाही.

तुमच्याकडून मला ठोस एवढं हवं आहे : येत्या अधिवेशनात वाणिज्य मंत्रालयाला प्रश्न विचारा, की बांगलादेशाशी होणाऱ्या व्यापार बोलणीच्या विषयपत्रिकेत नागपुरी संत्रा आणि सूत आहेत की नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाला विचारा, गंगा कराराच्या नूतनीकरणाची संयुक्त बैठक कधी. दहा खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकाच निवेदनावर सह्या केल्या तर मंत्रालयाला ते बाजूला सारता येणार नाही. तुमच्यातले दोघे केंद्रात मंत्री आहेत, त्यांना सभागृहात प्रश्न विचारता येत नाही हे मला माहीत आहे. त्यांनी वाणिज्यमंत्र्यांना पत्र लिहावं आणि त्याची प्रत वर्तमानपत्रांना द्यावी.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. वरुड, जि. अमरावती
मार्च २०२६